ग्राहकांचे नंबर सेल्समनच्या मोबाइलमध्ये कशासाठी?

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

सोलापुरात कुठल्याही बऱ्यापैकी दुकानात बिल करायला उभे राहिले की किमतीच्या आधी मोबाइल नंबर विचारला जातो. नवी पेठेतले कापडाचे दुकान असो, सात रस्त्याजवळचे मोबाइलचे दालन असो की होटगी रस्त्यावरची गाड्यांची शोरूम असो, नंबर घातल्याशिवाय बिल निघत नाही असे काउंटरवरून सांगितले जाते, आणि मागे चार माणसे खोळंबलेली असल्यामुळे आपणही तो सर्वांदेखत मोठ्याने सांगून मोकळे होतो. हा नंबर पुढे कोणाच्या हातात राहतो आणि त्याचे काय केले जाते, याविषयी हे पत्र आहे. मी बरीच वर्षे चाटी गल्ली आणि नवी पेठेतील कापड दुकानांची हिशेबाची व जीएसटीची कामे करते. त्यामुळे हा प्रकार मला ग्राहक म्हणून दिसतो तसा गल्ल्याच्या आतल्या बाजूनेही दिसतो, आणि आतल्या बाजूने तो अधिक काळजी करावी असा दिसतो.

आधी एक गैरसमज दूर करते. ‘जीएसटीमुळे नंबर लागतो’ असे ग्राहकाला सर्रास सांगितले जाते, ते खरे नाही. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावलीतील नियम ४६ प्रमाणे, जीएसटी नोंदणी नसलेल्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या ग्राहकाचे नाव आणि पत्ता बिलावर घालणे बंधनकारक होते ते खरेदीचे करपात्र मूल्य पन्नास हजार रुपये किंवा त्याहून अधिक असेल तेव्हा. त्याखालच्या खरेदीला ग्राहकाने स्वतः मागणी केली तरच नाव-पत्ता घालायचा असतो. मोबाइल नंबर त्या यादीत नाही. दोन लाखांवरच्या खरेदीला पॅन द्यावा लागतो, पण तो प्राप्तिकराचा वेगळा नियम आहे आणि त्याचाही मोबाइल नंबरशी संबंध नाही. बिलाच्या सॉफ्टवेअरमध्ये नंबरचा रकाना सक्तीचा केलेला असतो तो दुकानाच्या सोयीसाठी. सॉफ्टवेअरवाल्याला फोन केला तर ती सक्ती लगेच काढता येते, हे मी माझ्याकडच्या दुकानांत करून घेतलेले आहे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना आणि व्यापारी-उद्योग संघटनांना कळवले होते की, वस्तू किंवा सेवा देण्यासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नये. त्या सूचनेचा आपल्या बाजारपेठेत काहीही परिणाम झालेला मला दिसला नाही.

नंबर घेण्यात सरसकट वाईट हेतू असतो असे मी म्हणणार नाही. फॉल-पिको झाले, ब्लाउज शिवून आला, मागवलेला रंग आला, हे कळवायला नंबर लागतोच. अडचण सुरू होते ती तो नंबर ठेवण्याच्या पद्धतीत. अनेक दुकानांत आजही काउंटरवर एक लांबट वही उघडी पडलेली असते, तिला सुतळीने बॉलपेन बांधलेले असते, आणि तिच्यात तारीख, नाव, पेठ किंवा गाव, मोबाइल, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस असे रकाने आखलेले असतात. आपण आपली ओळ भरतो तेव्हा वरच्या वीस बायकांची नावे आणि नंबर आपल्याला दिसतात, आणि आपल्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाला आपले दिसतात. लग्नाचा बस्ता असेल तर नवरीचे नाव, तिचा नंबर, लग्नाची तारीख आणि कार्यालयाचे नावसुद्धा त्या वहीत असते.

पण वही निदान दुकानात राहते. खरा प्रश्न सेल्समनच्या स्वतःच्या मोबाइलचा आहे. गेल्या काही वर्षांत, विशेषतः टाळेबंदीनंतर, साड्यांचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवून गिऱ्हाईक करण्याची पद्धत रुळली, आणि बहुतेक मालकांनी त्यासाठी दुकानाचा वेगळा फोन घेण्याऐवजी सेल्समनलाच ‘तुझ्या मोबाइलवरून टाक’ असे सांगितले. फोन त्याचा, सिमकार्ड त्याचे, रिचार्जही बहुधा त्याचेच. त्याच्या कमिशनचा हिशेब ‘त्याने आणलेल्या’ गिऱ्हाइकांवर होत असल्यामुळे तोही प्रत्येक नंबर मन लावून सेव्ह करतो, आणि कसा करतो हे मी पाहिलेले आहे: बाईंचे नाव, पुढे ‘जुळे सोलापूर’ किंवा ‘विजापूर रोड’, आणि पुढे काय घेतले ते, म्हणजे पैठणी, इरकल, शालू. अशा शेकडो स्त्रियांची नावे, राहण्याचा भाग, ऐपतीचा अंदाज आणि व्हॉट्सॲपवरचे फोटो एका तरुण मुलाच्या खिशात रात्रंदिवस असतात, आणि त्यावर मालकाची कसलीही देखरेख नसते.

याचे काय होते ते गेल्या लग्नसराईत आमच्या घरात आम्ही सोसले. माझ्या भाचीचा बस्ता शहरातल्या एका मोठ्या दुकानात बांधला. सेल्समनने शालूच्या रंगांचे फोटो पाठवतो म्हणून तिचा नंबर घेतला, दोन दिवस फोटो पाठवलेही. खरेदी संपली, बिल झाले, माल घरी आला. त्यानंतर रात्री अकराच्या पुढे ‘मॅडम, जेवण झालं का’, ‘डीपीत तोच शालू नेसलात का, फार छान दिसता’ असे मेसेज येऊ लागले. तिने उत्तर दिले नाही. मग ‘रागावलात का’ म्हणून विचारणा झाली. तिने स्पष्ट शब्दांत नको म्हणून कळवले आणि नंबर ब्लॉक केला, तेव्हा दुसऱ्या नंबरवरून मेसेज आला आणि त्यात तिच्या लग्नाच्या कार्यालयाचे नाव होते. ते नाव वाचल्यावर ती पोर घाबरून गेली. तोवर ती हे सगळे एकटीच सहन करीत होती, कारण सासरच्यांच्या कानावर गेले तर ते तिलाच दोष देतील अशी तिला भीती वाटत होती.

मी आणि तिची आई मालकांना भेटलो. त्यांनी चहा मागवला, आमचे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘पोरगा तसा चांगला आहे ओ, तुमचाच काहीतरी गैरसमज झाला असेल.’ मोबाइलवरचे मेसेज दाखवल्यावर त्यांनी त्याला बोलावून आमच्यासमोर दटावले आणि तिचा नंबर पुसायला लावला. तेवढ्याने प्रकरण मिटले असे त्यांना मनापासून वाटत होते. त्याच मोबाइलमधल्या बाकीच्या शेकडो नंबरांचे काय, असे मी विचारले, तेव्हा ‘तो त्याचा पर्सनल फोन आहे, त्यात आम्ही कसा हात घालणार’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर मला मान्य नाही. नंबर आम्ही त्या मुलाला दिला नव्हता. त्याला आम्ही ओळखतही नव्हतो. दुकानाच्या पाटीवर विश्वास ठेवून, दुकानाच्या कामासाठी, दुकानाला दिला होता. तो त्याच्या खासगी फोनमध्ये जाऊ देण्याचा निर्णय मालकाचा होता, तेव्हा पुढच्या परिणामांची जबाबदारीही मालकाचीच आहे.

ही जबाबदारी आता केवळ नैतिक राहिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला, आणि त्यानंतर बऱ्याच घडामोडी होऊन डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ अस्तित्वात आला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून, व्यावसायिकांवरची मुख्य बंधने त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायची आहेत. हा कायदा मोठ्या ऑनलाइन कंपन्यांसाठी आहे अशी आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची समजूत आहे. पण कायद्याच्या कलम ७ मध्ये जे उदाहरण दिले आहे ते चक्क औषधाच्या दुकानाचे आहे: एका ग्राहक स्त्रीने औषधे घेतली आणि पैसे मिळाल्याची पोच मोबाइलवर पाठवा म्हणून स्वतःहून नंबर दिला, तर दुकानदाराने तो नंबर ती पोच पाठवण्यासाठी वापरावा. ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरायची, हा कायद्याचा गाभा आहे आणि तो आपल्या पेठेतल्या दुकानालाही तितकाच लागू पडणार आहे. केवळ कागदी वहीत असलेली नोंद या कायद्याखाली येत नाही हे खरे, पण त्या वहीतला नंबर मोबाइलमध्ये किंवा संगणकात घातला की तो येतो. माहिती सुरक्षित ठेवण्याची पुरेशी काळजी घेतली नाही तर अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. छोट्या दुकानाला एवढा दंड होईल असे नाही, कारण दंड ठरवताना चुकीचे स्वरूप आणि गांभीर्य पाहिले जाणार आहे, पण जबाबदारी दुकानाची आहे हे कायद्याने निःसंदिग्धपणे ठरवले आहे. शिवाय संमती मागण्याचा मजकूर ग्राहकाला मराठीत, किंवा आपल्या शहरात तितक्याच आपुलकीने बोलल्या जाणाऱ्या तेलुगू व कन्नडमध्येही मिळण्याची सोय ठेवावी लागणार आहे, कारण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांचा पर्याय द्यावा असे कायदा म्हणतो. यंत्रमागावर किंवा विडी कारखान्यात राबणाऱ्या कितीतरी बायका सणाला दुकानात येतात आणि विचारले म्हणून नंबर सांगून जातात. तो न देण्याचा हक्क आपल्याला आहे, हे त्यांना त्यांच्या भाषेत कोणीतरी सांगितलेच पाहिजे.

या कायद्यातली एक उणीव मात्र मला खटकते. दंडाची रक्कम सरकारच्या तिजोरीत जमा होणार आहे. ज्या मुलीला त्रास झाला तिच्या पदरात त्यातून काही पडत नाही. म्हणून सध्या तरी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अधिक उपयोगाचा वाटतो. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला देणे ही त्या कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवलेली आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते, आणि जिल्हा ग्राहक आयोगापुढे दाद मागताना नुकसानभरपाईही मागता येते. खरेदीची रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क पडत नाही आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही.

मुलींच्या बाबतीत हा विषय ग्राहकहक्काच्या पुढे जातो. एखाद्या स्त्रीने नको असल्याचे स्पष्ट सांगूनही पुरुषाने तिच्याशी वारंवार संपर्क साधणे किंवा साधण्याचा प्रयत्न करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी दोष सिद्ध झाला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘नुसता मेसेजच तर केला’ हा बचाव त्यापुढे टिकत नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत आम्ही पोलिसांकडे गेलो नाही, कारण लग्न तोंडावर होते आणि तिची इच्छा नव्हती. ज्या घरात अशी वेळ येईल त्यांनी मेसेज पुसून न टाकता त्यांचे स्क्रीनशॉट तारीख-वेळेसह जपून ठेवावेत आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जावे. तातडीची भीती असेल तर ११२ आहेच. पुष्कळ लोक १९०९ वर तक्रार करायला सांगतात. त्याचा उपयोग नको असलेल्या जाहिरातींचे फोन आणि एसएमएस थांबवण्यासाठी होतो. व्हॉट्सॲपवरचे वैयक्तिक मेसेज त्यात बसत नाहीत, त्यामुळे तिथे तक्रार करून हातावर हात धरून बसू नये. रिचार्जच्या दुकानांतून मुलींचे नंबर विकले जात असल्याच्या बातम्या २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातून आल्या होत्या, तेव्हा आपल्याकडे असे होत नाही असे आपण म्हणालो. आपल्याकडे नंबर विकले जातात की नाही हा पुढचा प्रश्न आहे. ते कोणाच्याही हाती लागावेत अशी व्यवस्था मात्र आपण दुकानादुकानात करून ठेवली आहे.

नंबरांचा गैरवापर एवढ्यावरच थांबत नाही. सेल्समन दुकान सोडून समोरच्या दुकानात गेला की त्याच्याबरोबर सगळी गिऱ्हाइके जातात आणि आठवडाभरात आपल्याला ‘मॅडम, आता मी इकडे आहे’ असा मेसेज येतो. तो पुढे विमा विकू लागला किंवा प्लॉटच्या धंद्यात शिरला तर त्याच यादीवर विम्याचे आणि प्लॉटचे फोन सुरू होतात. आपण कधीही ज्याची चौकशी केलेली नाही अशा योजनेचा माणूस आपल्याला नावाने हाक मारतो, तेव्हा आपले नाव कुठल्या तरी काउंटरवरून गेलेले असते. यातली सर्वांत घातक गोष्ट म्हणजे खरेदीचा तपशील बाहेर जाणे. आमच्या शेजारच्या निवृत्त काकांना वॉशिंग मशीन घेतल्यानंतर काही दिवसांतच एक फोन आला. बोलणाऱ्याला मशीनचे मॉडेल, बिलाची रक्कम आणि तारीख माहीत होती, म्हणून तो कंपनीचाच माणूस असणार अशी काकांची खात्री पटली आणि वाढीव वॉरंटीच्या नावाखाली त्यांनी पैसे भरले. ती वॉरंटी खोटी निघाली. हा तपशील नेमका कोणी फोडला ते सिद्ध करणे कठीण आहे, पण तो दुकानाबाहेर गेल्याशिवाय असा फोन येऊ शकत नाही. असे पैसे गेले तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवावे, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच असते.

सगळे सेल्समन असे वागतात असे माझे म्हणणे मुळीच नाही. दिवसभर उभे राहून, शंभर साड्या उलगडून पुन्हा घड्या घालणारी ही माणसे मी रोज पाहते, त्यातले बहुतेक सालस आहेत आणि तुटपुंज्या पगारावर संसार करतात. वैयक्तिक फोनच्या या पद्धतीचा जाच त्यांनाही होतोच. रात्री दहाला गिऱ्हाइकाचा व्हिडिओ कॉल आला तरी त्यांना तो घ्यावा लागतो. दुकानांत काम करणाऱ्या मुलींचे हाल तर आणखी वाईट आहेत, कारण त्यांचाही स्वतःचा नंबर गिऱ्हाइकांकडे जातो आणि काही पुरुष ग्राहक साडीचे निमित्त काढून त्यांना नको ते मेसेज करतात. ‘गिऱ्हाईक तुटेल’ म्हणून त्या मुली कोणाला सांगत नाहीत. ग्राहक आणि कर्मचारी या दोघांच्याही संरक्षणाचा उपाय एकच आहे, आणि तो महागही नाही.

दुकानाचा स्वतंत्र फोन आणि दुकानाचाच नंबर असावा. फोटो, निरोप, चौकशी सगळे त्याच फोनवरून व्हावे, आणि दुकान बंद होताना तो फोन गल्ल्यात ठेवून कुलूप लावावे. माझ्याकडे ज्यांच्या हिशेबाचे काम आहे अशा काही दुकानांनी हे केले आहे. एका मालकांना आधी भीती होती की सेल्समन नाराज होतील आणि विक्री घटेल. विक्री घटली नाही. उलट पुढे एक सेल्समन काम सोडून गेला तेव्हा त्यांची गिऱ्हाइके दुकानाकडेच राहिली, आणि आता तेच इतरांना हा उपाय सुचवतात. कमिशनची नोंद बिलावर सेल्समनचा क्रमांक घालून ठेवता येते, त्यासाठी गिऱ्हाइकाचा नंबर त्याच्या फोनमध्ये असण्याची काहीही गरज नाही. काउंटरवरची उघडी वही बंद करून तिच्याऐवजी सुट्या चिठ्ठ्या वापराव्यात आणि काम झाल्यावर त्या फाडून टाकाव्यात. वाढदिवस आणि लग्नाच्या तारखेचे रकाने तर आजच काढून टाकावेत.

शहरातील व्यापारी संघटनांनी येत्या लग्नसराईच्या आत आपल्या सभासदांची एक बैठक घ्यावी आणि कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक फोनमधले ग्राहकांचे नंबर काढून घेण्याबाबत ठराव करावा, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे. नव्या कायद्याच्या तयारीसाठी मिळालेला काळ त्यासाठीच आहे. गड्ड्याच्या यात्रेत आणि दिवाळीच्या प्रदर्शनांत लकी ड्रॉची कुपने भरून घेतली जातात, त्या पेट्यांतल्या नाव-नंबरांचे सोडतीनंतर काय करणार हेही आयोजकांनी कुपनावरच छापायला हवे. पोलीस आयुक्तालयाने दुकानांच्या मालकांना एवढे जरी कळवले की, कर्मचाऱ्याने ग्राहक स्त्रीला त्रास दिल्याची तक्रार आली तर मालकालाही चौकशीसाठी बोलावले जाईल, तरी ‘पोरगा चांगला आहे’ हे उत्तर देण्याआधी मालक विचार करतील.

ग्राहकांनीही ‘नंबर देणार नाही, बिल छापून द्या’ असे निःसंकोच सांगायला सुरुवात करावी. मी सांगते, आणि थोडी कुरबुर झाली तरी बिल मिळते. निरोपासाठी नंबर द्यावाच लागला तर तो दुकानाच्या फोनवर घ्या असे सांगावे, आणि लग्नाच्या मुलीचा नंबर न देता घरातल्या वडीलधाऱ्या माणसाचा द्यावा.

हे पत्र प्रसिद्ध केल्यास माझे नाव देऊ नये, ही विनंती. भाचीचे नुकतेच लग्न झाले आहे आणि माझ्या नावावरून तिची ओळख पटू शकते. माझे पूर्ण नाव आणि पत्ता आपल्या माहितीसाठी सोबतच्या स्वतंत्र कागदावर दिला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, जुळे सोलापूर